सवाई शहाजी ऊर्फ काट्टुराजा : तंजावरच्या गादीवरील एका लादलेल्या ओळखीचा विचार

१

ज्या माणसाकडून इतरांनी अपराध करवून घेतला, त्याची गणना अपराध्यांत करावी की बळींत, हा प्रश्न न्यायशास्त्राइतकाच इतिहासलेखनाचाही आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकयुगाच्या साहसकथांनी तो नव्या वेषात पुढे आणला. विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीचा नायक संगणकजालात शिरकाव करण्यात निष्णात आहे. त्याच्या शरीरात विष पेरले जाते आणि त्याच्या धाकाने त्याच्याकडून चोरी करवून घेतली जाते. मेलिसा स्कॉट यांच्या ‘ट्रबल अँड हर फ्रेंड्स’ (१९९४) या कादंबरीत हाच पेच समलिंगी नायिकांच्या जीवनाशी जोडला गेला. त्यातील नायिकेने जुना बेकायदा व्यवसाय सोडलेला असतो; परंतु तिचे टोपणनाव दुसराच कोणी वापरू लागतो आणि त्या तोतयाच्या कृत्यांची झळ तिला लागते. स्वतःचे नाव सोडविण्यासाठी तिला पुन्हा त्याच वाटेने जावे लागते.

या कथांतील यंत्रसामग्री नवी असली, तरी त्यांतील पेच जुना आहे. माणूस कोण आहे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हाती नसतो. तो पडताळणी करणाऱ्यांच्या हाती असतो, आणि पडताळणीची साधने ज्यांच्या ताब्यात, ते एखाद्याला नाव देऊ शकतात तसे काढूनही घेऊ शकतात. मराठ्यांच्या इतिहासात या पेचाचे एक ठळक उदाहरण तंजावरच्या राजवाड्यात इ. स. १७३८-३९ मध्ये घडले. सवाई शहाजी या नावाने गादीवर बसलेला आणि लवकरच तोतया ठरविला गेलेला हा पुरुष ‘काट्टुराजा’ या नावाने ओळखला जातो. तो खरा होता की खोटा, एवढ्याच प्रश्नाभोवती त्याच्याविषयीची चर्चा फिरत राहिली आहे. त्या प्रश्नाखाली दबलेला दुसरा प्रश्न, म्हणजे या प्रकरणात त्याची स्वतःची इच्छा कितपत होती हा, येथे विचारात घ्यावयाचा आहे.

२

प्रथम साधनांचा विचार करू. या प्रकरणाची दरबारी बाजू सांगणारे प्रमुख साधन म्हणजे ‘भोसले वंशचरित्र’. दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेवरून बाबूराव यांनी सिद्ध केलेला हा मराठी वृत्तान्त इ. स. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर कोरला गेला. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेख म्हणून त्याचा लौकिक आहे. राजवाडा तंजावरच्या मोठ्या किल्ल्यात, तर मंदिर शिवगंगा या लहान किल्ल्यात. दोहोंतील अंतर पायी जाण्याजोगे. म्हणजे राजवाड्याच्या अंतर्भागात, पडद्याआड घडलेल्या गोष्टीचा निकाल पासष्ट वर्षांनी देवळाच्या भिंतीवर, सर्वांच्या दृष्टीसमोर, दगडात लिहिला गेला.

दुसरे साधन इंग्रजांचे. रॉबर्ट ऑर्म यांच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ मध्ये, म्हणजे घटनांच्या बराच निकट प्रसिद्ध झाला. जेम्स मिल यांनी १८१७ च्या आपल्या ग्रंथात तीच हकीकत कंपनीवर टीका करीत पुन्हा मांडली. तिसरे संभाव्य साधन म्हणजे तंजावरचे मोडी दफ्तर. परंतु उपलब्ध मोडी कागद प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि एकोणिसाव्या शतकातील असल्यामुळे १७३८ च्या घडामोडींवर त्यांचा प्रकाश फारसा पडत नाही. परिणामी आपल्यापुढे दोनच मुख्य कथने उरतात, आणि ती परस्परविरुद्ध आहेत.

३

वंशचरित्रातील कथनाचा गाभा असा. पहिले सरफोजी (१७१२-२८) यांना औरस पुत्र नव्हता. त्यांच्या हयातीतच राणीवशातून एक मूल राजपुत्र म्हणून पुढे करण्यात आले आणि ते खोटे असल्याचे राजाच्या कानी गेले. पुढे रूपी नावाच्या दासीचा मुलगा हाच तो राजपुत्र असे सांगण्यात येऊ लागले. कोयाजी घाटगे याने त्या मुलाचा पक्ष घेतला, त्याला रानात आश्रय मिळवून दिला आणि ‘सवाई शहाजी’ या नावाने त्याचा दावा उभा केला. तमिळमध्ये रानाला ‘काडु’ म्हणतात. त्याचे विशेषणरूप ‘काट्टु’. काट्टुराजा म्हणजे रानातला राजा. राजपदाची खूण आणि राजपदाची थट्टा या दोन्ही गोष्टी या एकाच शब्दात आल्या आहेत.

हा दावा यशस्वी होण्यास काळ अनुकूल होता. तुकोजींचे निधन १७३६ मध्ये झाले. त्यांचे पुत्र दुसरे एकोजी ऊर्फ बावासाहेब यांना जेमतेम वर्षभर राज्य लाभले. त्यांच्यामागे त्यांच्या राणी सुजानबाई यांनी कारभार पाहिला. १७३८ मध्ये त्यांना दूर सारून सवाई शहाजीला गादीवर बसविण्यात आले, आणि १७३९ मध्ये त्यालाही तोतया ठरवून तुकोजींचे पुत्र प्रतापसिंह राज्यावर आले. १७३६ ते १७३९ या अल्प अवधीत तंजावरने अशा रीतीने पाच सत्ताधारी पाहिले. या उलथापालथीत सय्यद नावाच्या किल्लेदाराचे वजन फार मोठे होते. किल्ल्याचे दरवाजे ज्याच्या हाती, त्याच्या संमतीवाचून गादीवर कोणी चढू शकत नसे आणि टिकूही शकत नसे. प्रतापसिंहांनी सत्ता हाती येताच या सय्यदाला ठार करविले. ज्या साधनाने राजे घडत आणि मोडत, ते साधनच नाहीसे केल्यावाचून आपले आसन स्थिर होणार नाही हे त्यांनी ओळखले होते.

वंशचरित्राचे हे कथन जसेच्या तसे खरे मानले, तरी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या कपटाचा आरंभ झाला तेव्हा त्याचा मुख्य पुरुष तान्हे मूल होता. दासीच्या मुलाला राजपुत्राचे नाव द्यावे हा बेत त्याचा नव्हता. त्याला रानात नेण्याचा निर्णय त्याचा नव्हता. आपण कोण आहोत हे त्याने जे काही ऐकले असेल, ते त्याला वाढविणाऱ्यांच्याच तोंडून. उलटपक्षी तो खरोखरच सरफोजींचा पुत्र होता असे मानले, तर त्याची ओळख त्याच्या जन्माबरोबरच त्याच्यापासून हिरावली गेली असे म्हणावे लागते. कोणताही पक्ष स्वीकारला, तरी तो माणूस स्वतंत्र कर्ता ठरत नाही. खरेखोटेपणाचा निवाडा न करताही हाती लागणारा हा निष्कर्ष आहे, आणि प्रस्तुत विवेचनात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

४

गादीवर असताना आणि तीवरून उतरल्यावर त्याचा उपयोग कोणी कसा केला, हे पाहिल्यास हा निष्कर्ष अधिक बळकट होतो. १७३८ मध्ये आसन डळमळीत असताना त्याच्या नावे पाँडिचेरीच्या फ्रेंचांशी बोलणी झाली. गव्हर्नर द्युमा यांच्या साहाय्याच्या बदल्यात कारैकल देण्याचे ठरले. आसन थोडे स्थिर होताच तंजावरने दिलेला शब्द फिरविला. तेव्हा तंजावरशी वैर असलेल्या चंदासाहेबाच्या मदतीने फ्रेंचांनी फेब्रुवारी १७३९ मध्ये कारैकलचा ताबा मिळविला. पुढे त्या राजाला दरबाराने तोतया ठरविले. पण ज्या व्यवहाराचा प्रारंभ त्याच्या नावे झाला, तो काही रद्द झाला नाही. मधले ब्रिटिश ताब्याचे काळ वगळता कारैकल १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे राहिले आणि आजही ते तमिळनाडूत नसून पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात आहे. माणूस खोटा ठरला, पण त्याच्या नावाचा परिणाम टिकून राहिला.

दहा वर्षांनी इंग्रजांची पाळी आली. १७४९ मध्ये शहाजीने कंपनीकडे आश्रय आणि साहाय्य मागितले. मोबदल्यात कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळचे देवीकोट्टै देऊ केले. कंपनी तोवर प्रतापसिंहांनाच तंजावरचे राजे म्हणून ओळखीत होती आणि त्यांच्याशी पत्रव्यवहारही ठेवून होती. असे असूनही तिने पदच्युत राजाचा कैवार घेतला. एप्रिलमधील पहिली मोहीम वादळाने आणि अपयशाने गाजली. शहाजीचे नाव ऐकताच प्रजा उठाव करील ही अपेक्षाही फोल ठरली. मेजर लॉरेन्स यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम समुद्रमार्गे गेली. तीत तरुण क्लाइव्ह हल्ल्याच्या अग्रभागी होता, आणि देवीकोट्टै इंग्रजांच्या हाती आले.

त्यानंतरचा तह लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रतापसिंहांनी देवीकोट्टै आणि त्याला लागून वार्षिक नऊ हजार होनांच्या उत्पन्नाचा प्रदेश कंपनीला दिला व मोहिमेचा खर्च मान्य केला. शहाजीला चार हजार रुपयांचे निर्वाह-वेतन ठरले. मात्र त्याच्या देहाची जबाबदारी इंग्रजांनी घ्यावी आणि त्याने तंजावरला पुन्हा उपद्रव देऊ नये अशी अट होती. ज्याच्या हक्कासाठी तलवार उपसली, त्याचाच पहारेकरी होण्याचे कंपनीने पत्करले. मिल यांनी या वर्तनावर कठोर शब्दांत टीका केली आहे. ते सांगतात की शहाजी निसटला, तेव्हा इंग्रजांनी त्याच्या मामाला कैद केले, आणि १७५८ मध्ये फ्रेंचांनी फोर्ट सेंट डेव्हिड घेईपर्यंत, सुमारे नऊ वर्षे, तो बंदीतच होता.

त्याच वर्षी लाली हा फ्रेंच सेनापती तंजावरवर चालून गेला. प्रतापसिंहांकडून छप्पन्न लाख रुपयांच्या जुन्या कर्जरोख्याची वसुली करणे हा त्याचा हेतू होता. कैदेतून सुटलेल्या त्या मामाला त्याने बरोबर घेतले आणि गादीच्या दाव्याचे बुजगावणे म्हणून त्याला मिरविले. इंग्रजी साधनांत ‘गाटिका’ अशा रूपात येणारे त्याचे नाव घाटगे या आडनावाचाच अपभ्रंश दिसते. ज्याने एका मुलाला दाव्याचे साधन केले असे वंशचरित्र सांगते, त्याच घाटग्यांच्या नावाचा पुरुष वीस वर्षांनी परक्यांच्या हातातले तसेच साधन झालेला दिसतो. वसुली न होताच लालीला वेढा उठवून परत फिरावे लागले.

५

येथे थोडे थांबून, त्या काळी राजाची ओळख पडताळली जात असे ती कशी, हे पाहणे आवश्यक आहे. मराठी राज्यव्यवहारात पत्राची सत्यता तीन-चार गोष्टींवर अवलंबून असे : शिरोभागी मुद्रा, अखेरीस मोर्तब किंवा लेखनसीमेचा शिक्का, ओळखीच्या लेखकाचे मोडी वळण आणि दफ्तरात झालेली नोंद. पत्राचा खरेखोटेपणा ठरविण्याची ही व्यवस्था चांगलीच काटेकोर होती. परंतु तिने सिद्ध होत असे ते इतकेच, की पत्र योग्य शिक्क्याखाली निघाले आहे. शिक्का योग्य माणसाच्या हाती आहे की नाही, हे त्या व्यवस्थेला कळण्याचा मार्ग नव्हता. ते ठरत असे राणीवशाच्या साक्षीवर, दाईदासींच्या सांगण्यावर आणि किल्लेदाराच्या किल्ल्यांवर. आजच्या परिभाषेत बोलावयाचे, तर कुलूप मजबूत होते आणि घरभेद्याने आतून उघडले होते.

हा दोष एकट्या तंजावरचा नव्हता. साताऱ्यास शाहू छत्रपतींच्या निधनानंतर गादीवर आलेले रामराजे लहानपणापासून अज्ञातवासात वाढलेले होते. ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे केले होते. त्याच ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांना कैद करून तोतया म्हटले, आणि १७५२ मध्ये जेजुरीस देवासमोर तशी शपथही घेतली. छत्रपतिपदाचा माणूस खरा की खोटा, हे एका वृद्ध राजस्त्रीच्या शब्दावर ठरले आणि त्याच शब्दावर मोडले. रामराजांचे स्वतःचे म्हणणे या वादात कोणी प्रमाण मानले नाही. पुढे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणाऱ्या सुखनिधानाचे प्रकरण पुण्यात गाजले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकर यांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ते मराठी वाचकांच्या स्मरणात राहिले आहे. या तिन्ही प्रकरणांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. सुखनिधान प्रौढपणी तोतया म्हणून वावरला. रामराजे आणि सवाई शहाजी यांची ओळख मात्र त्यांना कळू लागण्यापूर्वीच इतरांनी घडविली होती. ‘तोतया’ हा एकच शब्द या दोन्ही प्रकारांसाठी वापरल्याने हा भेद पुसला जातो.

६

आता वंशचरित्राकडे पुन्हा वळू. हा वृत्तान्त १८०३ मध्येच का कोरला गेला असावा? सवाई शहाजी खरा मानला, तर प्रतापसिंहांचे राज्यारोहण हे बळकावणे ठरते, आणि त्यांच्यापुढची सारी परंपरा, म्हणजे तुळजाजी आणि त्यांचे दत्तकपुत्र दुसरे सरफोजी, संशयास्पद होते. स्वतः प्रतापसिंहांच्या जन्माविषयीही वाद होता. त्यांची माता अन्नपूर्णाबाई ही तुकोजींची खड्गविवाहाने केलेली पत्नी होती. अशा स्थितीत काट्टुराजाचा खोटेपणा सिद्ध असणे ही त्या वंशाची निकड होती.

सरफोजींच्या बाबतीत ही निकड अधिक वैयक्तिक होती. १७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. दत्तक मूल आईबापांचे एकुलते एक असल्याचा आणि त्याच्या वयाचा आक्षेप निघाला. कंपनीने पंडितांचे मत मागविले. ते दत्तकाच्या विरुद्ध पडले आणि अमरसिंहांना गादी मिळाली. काही वर्षांनी पुन्हा पंडितांचे मत घेण्यात आले, ते अनुकूल आले, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. शास्त्र तेच होते, मुलगा तोच होता. विचारणाऱ्यांचा कल मात्र बदलला होता. स्वतःची ओळख परक्यांच्या कचेरीत एकदा फेटाळली जाताना आणि एकदा मान्य होताना ज्याने पाहिली, त्या राजाला आपल्या वंशाची ओळख अशा ठिकाणी लिहून ठेवावीशी वाटली, जेथे ती कोणालाही सहजासहजी पुसता येणार नाही. ग्रंथसंग्राहक आणि विद्याव्यासंगी म्हणून सरस्वती महालाच्या संदर्भात सरफोजींचे नाव आदराने घेतले जाते, ते योग्यच आहे. त्यांच्या या शिलालेखामागे मात्र विद्याप्रेमाबरोबर एका असुरक्षित मनाची सावधगिरीही आहे. त्या सावधगिरीची किंमत काट्टुराजाला मोजावी लागली. सरफोजींना दुसरी सुनावणी मिळाली. त्याला ती मिळाली नाही.

यावरून वंशचरित्र खोटे आहे असे म्हणावयाचे नाही. त्यातील कथन खरे असणे शक्य आहे. किंबहुना दासी, दाई, राणीवसा यांविषयीचा तपशील दरबारातील जुन्या स्मृतीवर आधारलेला असावा. म्हणावयाचे आहे ते इतकेच, की हा निकाल प्रतिपक्षाच्या वारसाने लिहिलेला आहे. ऑर्म यांच्या लेखनातील ‘पदच्युत राजा’ हाही तितकाच हितसंबंधी आहे. कारण कैवार घेण्यास निमित्त हवे असेल, तर आश्रित खराच राजा असावा लागतो.

७

समारोपादाखल आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. परक्या ओळखीखाली अपराध करावयास भाग पाडलेली माणसे आज केवळ कादंबऱ्यांत भेटत नाहीत. नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडिया या देशांत नेऊन तेथील बंदिस्त वसाहतींतून खोट्या नावांनी संगणकावरून फसवणूक करावयास लावलेले अनेक भारतीय तरुण, त्यांत तमिळनाडूचेही, गेल्या काही वर्षांत सोडवून आणले गेले. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक जण परत आले. फसवणूक त्यांच्याच हातून झाली, पण त्यांचे हात मोकळे नव्हते. तसेच, ज्यांना आपली लैंगिक ओळख लपवावी लागते, ते त्या गुपिताची माहिती असणाऱ्याच्या कह्यात सहज जातात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंधही आपल्याकडे गुन्हा होते, त्यामुळे धमकावणाऱ्याच्या हाती कायदाच शस्त्र म्हणून होता. संगणकयुगाच्या साहसकथेत क्विअर नायिका येते, तेव्हा ती ही वस्तुस्थिती बरोबर घेऊन येते.

या प्रकरणांत आणि तंजावरच्या प्रकरणात काळाचे आणि परिस्थितीचे अंतर पुष्कळ आहे, आणि ते ओलांडून घाईने साम्य दाखविणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. परंतु आज आपण ‘कृत्य कोणाचे’ आणि ‘इच्छा कोणाची’ हे दोन प्रश्न वेगळे करावयास शिकत आहोत. तेच वेगळेपण जुन्या साधनांच्या वाचनातही पाळले पाहिजे. सवाई शहाजीच्या नावे फ्रेंचांशी बोलणी झाली, इंग्रजांच्या दोन मोहिमा निघाल्या, एक तह झाला, एक निर्वाह-वेतन ठरले. किल्लेदार, घाटगे, द्युमा, लॉरेन्स, लाली या प्रत्येकाला या प्रकरणातून काय हवे होते, ते कळते. त्याला स्वतःला काय हवे होते, याचा उच्चार वंशचरित्राच्या निकालात नाही आणि कंपनीच्या तहातही नाही.

बृहदीश्वराच्या आवारात तो शिलालेख आजही वाचता येतो. त्याचा अभ्यास वंशावळ आणि भाषा या दृष्टींनी झाला आहे. त्यातील ज्या माणसांना केवळ दोषारोपापुरता प्रवेश मिळाला, त्यांच्या बाजूनेही तो वाचण्याची आवश्यकता आहे. दासी रूपी आणि रानात वाढविलेला तो मुलगा ही त्यांतील पहिली दोन नावे ठरावीत.